सायनसचं ऑपरेशन: त्याआधी काय, त्यानंतर काय

"सायनसचं ऑपरेशन करून काही उपयोग नाही, पुन्हा होतंच." हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतं. आणि शेजारच्याच ताटावरून उत्तर येतं, "छे, माझा दहा वर्षांचा त्रास गेला." दोघंही खरं बोलत असतात. फक्त दोघांना झालेला आजार बहुतेक वेळा एकच नसतो. सर्दीनंतर आठवडाभर गाल जड वाटणं, वर्षानुवर्षं नाक चोंदून वासच जाणं, वरच्या दाढेच्या मुळाशी पू होऊन एकाच नाकपुडीतून घाण वास येणं आणि चक्क अर्धशिशी, या चारही तक्रारी घेऊन येणारा माणूस डॉक्टरांना सांगतो, "मला सायनसचा त्रास आहे." चौघांचे उपचार चार प्रकारचे. त्यामुळे आधी आत नेमकं काय घडतं ते पाहू.

नाकाभोवती, चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांनाच सायनस म्हणतात: गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि कवटीच्या तळाशी, अगदी आत. त्यांच्या अस्तरातून सतत पातळसर चिकट स्राव पाझरत असतो आणि त्याच अस्तरावरचे सूक्ष्म केस तो ढकलत ढकलत नाकात आणून सोडतात. गंमत अशी की गालातल्या पोकळीचं तोंड तळाशी नसतं. आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला, जवळजवळ छताला लागून असतं. मोरीचं भोक जमिनीलगत न काढता छताजवळ काढलेल्या घरासारखा हा प्रकार आहे. पाणी आपोआप जाणार नाही, कुणीतरी ते सतत वर ढकलायला हवं. ते काम त्या केसांचं. शिवाय गालाची, कपाळाची आणि डोळ्यांच्या मधल्या पुढच्या पोकळ्यांची तोंडं नाकातल्या एकाच अरुंद बोळात उघडतात. तिथे दोन-तीन मिलिमीटर सूज आली की तिन्हींचा निचरा एकदम अडतो. सायनसच्या बहुतेक सगळ्या उपचारांचा, गोळीपासून ऑपरेशनपर्यंत, हिशोब या बोळापाशी येतो.

सर्दीतला सायनस

साध्या सर्दीत सायनस सुजतातच. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा ८७ टक्के लोकांच्या गालातल्या पोकळ्यांत बिघाड दिसला. त्यातल्या १४ जणांचं दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केलं, तर ११ जणांचं चित्र एकही अँटिबायोटिक न घेता निवळलेलं किंवा बरंच सुधारलेलं होतं. सर्दीच्या तिसऱ्या दिवशी काढलेल्या एक्स-रेवर "सायनस भरलेत" असा शेरा आला, तर तो सर्दीचाच पुरावा समजायचा. एक्स-रेचा तसाही या कामी फारसा उपयोग नाही.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जंतूसंसर्ग झाला, हाही असाच एक पक्का गैरसमज. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि विषाणूंच्या सर्दीतही येतो. सर्दीवर जिवाणूंचा संसर्ग चढतो तो शंभरात एखाद-दोघांना. तो ओळखायच्या खुणा तीन: दहा दिवस उलटूनही कणभर फरक नाही, किंवा सुरुवातीपासूनच १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, पूसारखा स्राव आणि चेहऱ्यात ठणका, हे सलग तीन-चार दिवस, किंवा बरं वाटायला लागून पाच-सहा दिवसांनी दुखणं पुन्हा जोरात बळावलं. यातलं एकही नसेल तर अँटिबायोटिकने काही साधत नाही.

खुणा असल्या तरी, माणूस एरवी धडधाकट असेल आणि पुन्हा दाखवायला येणं शक्य असेल, तर काही दिवस थांबून पाहणं हाही मान्य उपचार आहे. द्यायचंच तर पहिली निवड सहसा अमॉक्सिसिलिन, एकटं किंवा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसोबत, पाच ते दहा दिवस. आपल्याकडे मात्र मेडिकलवाल्याकडून अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांची पट्टी घेऊन तीन दिवसांत विषय संपवतात. सायनसमध्ये सापडणाऱ्या नेहमीच्या जिवाणूंपैकी बरेच त्या औषधाला आता जुमानत नाहीत. बरं वाटतं ते बहुधा सर्दीचे दिवस भरलेले असतात म्हणून, आणि श्रेय गोळी घेऊन जाते.

मग करायचं काय? दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल, झोप, मिठाच्या पाण्याने नाक धुणं. ऑट्रिव्हिन किंवा नॅझिव्हियनसारखे थेंब नाक मिनिटांत मोकळं करतात, पण ते तीन ते पाच दिवसांपलीकडे नेऊ नयेत. जास्त दिवस घातले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा बंद. उशाशी कायमची बाटली ठेवणारी माणसं याच चक्रात अडकलेली असतात आणि त्यांना वाटतं, आपला सायनस वाढलाय.

वाफेबद्दल थोडं वाईट वाटेल. ब्रिटनमध्ये सायनसचा जुना त्रास असलेल्या आठशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाफाऱ्याने डोकेदुखी थोडी कमी झाली, बाकी फरक पडला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना मात्र फायदा दिसला. वाफ घेऊन बरं वाटत असेल तर जरूर घ्या. लहान मुलाला मात्र उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकवू नका. भाजलेली पोरं हॉस्पिटलात येतात ती अशीच.

नाक धुणं आणि स्प्रे

जलनेती आपल्याला नवी नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या संस्थांनी ती योगवर्गांतून घरोघर पोचवली. आज जगभरचे कान-नाक-घशाचे डॉक्टर चिठ्ठीवर जे लिहून देतात ते जवळपास तेच आहे, फक्त तांब्याच्या जागी दाबायची प्लास्टिकची बाटली आली.

साधारण २४० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, शक्यतो आयोडीन नसलेलं, आणि चिमूटभर खायचा सोडा. वॉशबेसिनवर पुढे वाका, मान किंचित एका बाजूला, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास. बाटलीचं टोक नाकपुडीत टेकवून हलकेच दाबलं की पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. नंतर जोर लावून शिंकरू नका, पाणी कानाकडे चढतं. तासाभराने बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि नाकातून टपकन पाणी गळलं तर घाबरायचं कारण नाही. पाणी आत झोंबलं तर बहुधा मिठाचं प्रमाण चुकलेलं असतं, कमी किंवा जास्त.

पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. नळाचं नको, विहिरीचं तर नकोच. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत अमीबाजन्य मेंदूज्वराचे जे रुग्ण सापडले, त्यांतही नाकात शिरणाऱ्या दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं जातं. हा आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेकदा जीव घेतो, आणि टाळायला एक उकळी पुरते. प्यायल्याने तो होत नाही, नाकातून वर गेल्यानेच होतो. बाटलीही रोज धुऊन वाळवावी.

दुसरा आधार म्हणजे स्टिरॉइडचा स्प्रे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड यांपैकी एखादा. 'स्टिरॉइड' ऐकताच निम्मे लोक बाटली कपाटात ठेवून देतात. गोळीतलं स्टिरॉइड सगळ्या अंगभर फिरतं. या स्प्रेंतलं, विशेषतः पहिल्या दोन औषधांतलं, रक्तात फारच थोडं उतरतं. स्प्रे लागू न पडण्याचं खरं कारण बहुतेकदा दुसरंच असतं: तो चुकीचा मारला जातो. डोकं मागे टाकून, नाकाच्या मधल्या पडद्यावर नेम धरून, वर जोरात ओढून घेतला की औषध थेट घशात, आणि पडद्यावर जखम होऊन रक्त यायला लागतं ते वेगळंच. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्याकडे. श्वास अगदी हलका. आणि थेंबांसारखा लगेच परिणाम मागायचा नाही. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि माणसं चौथ्या दिवशीच सोडून देतात.

जुना सायनस म्हणजे नेमका कोणता

बारा आठवड्यांहून जास्त काळ नाक चोंदणं, घट्ट स्राव पुढून येणं किंवा घशात उतरणं, चेहऱ्यात दाब, वास कमी होणं, यांतली किमान दोन लक्षणं हवीत, आणि त्यांतलं एक नाक चोंदणं किंवा स्राव असलं पाहिजे. शिवाय नाकात घालायच्या दुर्बिणीतून किंवा सीटीवर आजार दिसला पाहिजे. नुसती लक्षणं पुरत नाहीत, नुसतं सीटीही पुरत नाही.

हे इतकं ठासून सांगायचं कारण डोकेदुखी. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःला 'सायनसची डोकेदुखी' आहे म्हणणाऱ्या २,९९१ लोकांना तपासलं, तर ८८ टक्के लोकांची डोकेदुखी अर्धशिशीच्या जातीची निघाली. अर्धशिशीतही नाक गळतं, डोळ्यांत पाणी येतं, कपाळ-गाल दुखतात. नाक मोकळं, वास शाबूत, दुर्बिणीत काही नाही आणि तक्रार फक्त डोक्याची असेल, तर सायनसचं ऑपरेशन करून डोकेदुखी थांबणार नाही. "केलं आणि फुकट गेलं" म्हणणाऱ्यांतले बरेच जण या गटातले असावेत, असं मला वाटतं.

खरा जुना सायनस असेल तर त्याचे ढोबळ दोन प्रकार: मस्से असलेला आणि नसलेला. मस्से म्हणजे सुजलेल्या अस्तराचे, सोललेल्या द्राक्षासारखे दिसणारे फुगे. मस्से, दमा आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकाने दमा उसळणं, हे तिन्ही एकत्र असलेले काही रुग्ण असतात. त्यांचा आजार सगळ्यांत चिवट. कुणाला असं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, पुढचा सगळा बेत त्यावर बदलतो. एकाच बाजूचा सायनस मात्र नेहमी संशयाने पाहावा. त्यामागे वरची किडलेली दाढ, बुरशीचा गोळा किंवा क्वचित गाठही असते. दाढ असेल तर आधी दाताच्या डॉक्टरकडे; ती सुटल्याशिवाय वरची पोकळी सुधारत नाही.

ऑपरेशनचा विषय निघण्याआधी रोज नाक धुणं आणि स्प्रे निदान दोन महिने मनापासून झालेले असावेत. मस्से असतील तर मधे थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्याही देतात. त्यांनी गेलेला वास परत येतो, पण मधुमेहींची साखर चढते, म्हणून त्या वारंवार घ्यायच्या नसतात. एवढं करूनही त्रास टिकला, तर ऑपरेशनची चर्चा रास्त.

छिन्नीपासून दुर्बिणीपर्यंत

अमेरिकेत जॉर्ज काल्डवेल यांनी १८९३ साली आणि फ्रान्समध्ये आंरी ल्यूक यांनी १८९७ साली, स्वतंत्रपणे, जवळपास एकच शस्त्रक्रिया मांडली. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद द्यायचा, गालाचं हाड फोडून पोकळीत शिरायचं, खराब दिसणारं अस्तर खरवडून काढायचं आणि निचऱ्यासाठी तळाशी नाकात नवी खिडकी पाडायची. पाणी खाली जातं, म्हणजे भोक खाली पाडा. तर्क सरळ होता. ही शस्त्रक्रिया पुढे अनेक दशकं चालली. गाल सुजायचा, ओठ आणि दात बधिर व्हायचे, आणि पुष्कळांना त्रास परत व्हायचा. 'सायनसचं ऑपरेशन वाईट' ही आपल्या आजी-आजोबांच्या पिढीची धारणा तिथलीच.

खिडकी असूनही निचरा का होत नाही, याचा उलगडा ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वाल्टर मेसरक्लिंगर यांच्या कामातून झाला. स्रावाच्या वाटा त्यांनी बारकाईने पाहिल्या. सूक्ष्म केसांची दिशा जन्मतः ठरलेली असते: मूळ तोंडाकडे. तळाशी पाडलेल्या खिडकीला वळसा घालून स्राव वरच्या जुन्या दाराकडेच चढत राहतो, आणि ते दार तर बंदच. म्हणजे पोकळी खरवडायची नव्हती, बोळ मोकळा करायचा होता. अस्तर मग आपोआप सुधारतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या दुर्बिणीने तिथवर बघायची सोय केलीच होती. ग्राझचेच हाइन्झ श्टामबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत जगभर नेली. फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी, बोलीत 'फेस', ती हीच. आपल्याकडे सगळे म्हणतात 'दुर्बिणीचं ऑपरेशन'.

पूर्ण भूल देतात. चेहऱ्यावर कुठेही छेद नाही, टाका नाही. चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते. काही दुर्बिणी सरळ बघतात, काही कोनात, म्हणजे कोपऱ्याआडचं दिसावं. बोळाच्या तोंडाशी असलेली पातळ हाडाची पाकळी काढतात, गालाच्या पोकळीचं मूळ तोंडच रुंद करतात, डोळ्यांमधल्या पोकळ्यांचे पडदे उघडतात. मस्से काढायला फिरतं पातं आणि ओढून घेणारी नळी एकत्र असलेलं यंत्र असतं. किती पोकळ्या, त्यावर एक ते तीन तास. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात.

धोके मोजके पण खरे. डोळा आणि नाक यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं आणि डोक्यावरच्या बाजूला थेट मेंदूचा तळ. म्हणूनच आधीचं सीटी स्कॅन हा सर्जनचा नकाशा असतो. गुंतागुंतीच्या किंवा दुसऱ्यांदा होणाऱ्या ऑपरेशनमध्ये उपकरणाची जागा पडद्यावर सीटीवरच दाखवणारी यंत्रणाही वापरतात. दृष्टीला इजा, मेंदूभोवतालचं पाणी गळणं, मोठा रक्तस्राव असे गंभीर प्रकार शंभरातल्या एकाच्याही वाट्याला जेमतेम येतात.

फुग्याचा पर्याय २००५ पासून आहे. बारीक तारेवरून फुगा पोकळीच्या तोंडात नेऊन फुगवतात, हाड न कापता वाट रुंदावते. मस्से नसलेल्या, मर्यादित आजारात, विशेषतः कपाळाच्या पोकळीत, तो बरा. मस्से भरलेल्या नाकात त्याचा उपयोग नाही, कारण तो काढत काहीच नाही, आणि एकदाच वापरायचा असल्याने महागही पडतो.

"नाकाचं हाड वाढलंय, ते काढू" हे वेगळं ऑपरेशन. मधला पडदा थोडाफार वाकडा असणं इतकं सर्रास आहे की तो दिसला म्हणून सायनस त्यामुळेच, असं होत नाही. श्वास अडत असेल, किंवा वाकडेपणामुळे दुर्बीणच आत जात नसेल, तर तो त्याच वेळी सरळ करतात.

नंतरचं निम्मं काम

ऑपरेशननंतर दोनेक आठवडे जोरात शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची. आत खपल्या धरतात. त्या काढायला डॉक्टर तीन-चार वेळा बोलावतात. या फेऱ्या टाळल्या तर उघडलेली तोंडं चिकटून पुन्हा बंद होऊ शकतात. आणि नाक धुणं चालूच. उलट आता ते जास्त कामाचं होतं: ऑपरेशनआधी बाटलीतलं पाणी सायनसच्या आत जेमतेम शिरायचं, आता दार उघडं असल्यामुळे पाणी आणि त्यात मिसळलेलं औषध खरोखर अस्तरापर्यंत पोचतं. मस्से असलेल्या आजारात ऑपरेशनचा हाच मुख्य उद्देश. सूज आणणारी शरीराची खोड कात्रीने जात नाही. औषधाला वाट मिळते. मस्से काढल्यानंतर दीड वर्षात दहापैकी सुमारे चार जणांच्या नाकात ते पुन्हा दिसू लागतात, जरी त्या सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. अशा हट्टी रुग्णांसाठी ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आली आहेत; अमेरिकेत त्याला या आजारासाठी २०१९ साली मान्यता मिळाली. गुण चांगला, पण ती पुढे घेतच राहावी लागतात आणि खर्च मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचा.

मस्से नसलेल्या, अडथळा एका जागी असलेल्या आजारात मात्र एकच ऑपरेशन पुष्कळदा कायमचं पुरतं. पंगतीतले "त्रास गेला" म्हणणारे बहुधा हे.

काही वेळा दोन महिने थांबायचं नसतंच. बुरशीचा गोळा औषधाने विरघळत नाही, तो काढावाच लागतो. डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे येणं, एकाचं दोन दिसणं, नजर मंद होणं, कपाळावर मऊ फुगवटा, मान ताठ होऊन भयंकर डोकेदुखी: यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. आणि मधुमेहीच्या गालाला बधिरपणा, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, एका बाजूचा चेहरा दुखणं, हे म्युकरमायकोसिसचं, म्हणजे काळ्या बुरशीचं, चित्र. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने ते डोळ्यांनी पाहिलं. कोविड, बेसुमार स्टिरॉइड आणि चढलेली साखर एकत्र आल्यावर. तिथे ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध आणि शस्त्रक्रिया दोन्ही लागतात, आणि तासांचा हिशोब असतो.

बाकी ज्यांचं ऑपरेशन ठरवून होणार आहे त्यांनी सर्जनला विचारावं: माझ्या सीटीत नेमक्या कोणत्या पोकळ्या बंद आहेत, मस्से आहेत का, नंतर किती काळ औषध घ्यावं लागेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावं. आणि आरोग्य विम्याची पॉलिसी काढून पाहावी. पुष्कळ पॉलिसींत कान-नाक-घशाच्या अशा ऑपरेशनला पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं, आणि हे बहुतेकांना ॲडमिट व्हायच्या दिवशी काउंटरवर कळतं.